मुंबई ते लंडन : जाताना सव्वापाच तास, येताना साडेतेरा?

गडगा
मंडळी, घरात चार दिवस एकच विषय चाललाय, म्हणून शेवटी धागा काढतो.

आमची आई, वय ७३, गणपती झाले की लंडनला निघालीय. धाकटी बहीण तिथे असते, तिचं पहिलं बाळंतपण. आम्ही पावसचे. आईचा आजवरचा सगळ्यात लांबचा प्रवास काशीचा, तोही रेल्वेने. तिकीट आलं, ते असं: मुंबईहून दुपारी १.१५ ला सुटणार, लंडनला संध्याकाळी ६.३० ला पोचणार. थोरल्या काकांनी तिकीट हातात घेतलं, चष्मा कपाळावर चढवला आणि जाहीर केलं, "सव्वापाच तास. पावसहून पनवेल गाठायला याहून जास्त लागतात." आई खूश. डब्याचंही ठरलं, चार घावने आणि चटणी, पुरे.

मग मी परतीचं बघितलं. दिवाळीच्या आधी, लंडनहून रात्री ८.४५, मुंबईला दुसऱ्या दिवशी सकाळी १०.१५. म्हणजे साडेतेरा तास! काका म्हणाले, "येताना चढ असेल." (ते विनोद करत नव्हते.)

वेळेतला फरक मला कळतो हो. आपण सध्या त्यांच्या साडेचार तास पुढे. पण तो धरूनही जाताना पावणेदहा तास आणि येताना नऊ. वाट तीच, अंतर तेच, विमानही त्याच जातीचं. मग पाऊण तास गेला कुठे? नेटवर बघावं तर अंतर कुठे ७,२०० किमी, कुठे साडेसात हजारांच्या वर. आणि ताशी ९०० ने ७,२०० म्हणजे बरोबर आठ तास व्हायला हवेत, नऊही नाहीत आणि पावणेदहाही नाहीत.

आईला नीट समजावून सांगायचंय. "असतं तसं" म्हटलं की ती ज्या नजरेने बघते ती मला सोसत नाही.

मालवणी_बोका
गेल्या गणपतीत मुंबैसून मालवणाक माका सतरा तास लागले. त्या हिशोबान लंडन जवळ आसा. काकांका माझो नमस्कार सांग.

चाकरमानी
बोक्याला +१. २०११ पासून रस्ता रुंद होतोय. माझ्या लग्नात काम सुरू होतं, आता मुलगी आठवीत आहे, वडखळच्या पुढे अजून...

संपादक
महामार्गाचे तीन धागे आधीच आहेत. इथे विमानावर बोला.

भूमितीच्या बाई
गडगा, आधी काकांचं गणित सरळ करू, कारण ते वाटतं तेवढं चुकलेलं नाही, अर्धंच राहिलंय.

जाण्याचे ५.१५ आणि येण्याचे १३.३० यांची बेरीज करा: १८ तास ४५ मिनिटं. जाताना घड्याळाने साडेचार तास लपवले, येताना तेवढेच वाढवून दाखवले. बेरजेत दोन्ही कटले. त्याचं निम्मं ९ तास साडेबावीस मिनिटं, ही एका बाजूची सरासरी. यासाठी कुठल्या देशाची वेळ किती मागे-पुढे हे माहीत असण्याचीही गरज नाही, जाण्या-येण्याची दोन तिकिटं हातात असली की झालं. वर्गात पोरांना मी हे कुणाच्याही मामाच्या दुबईच्या तिकिटावर करायला लावायची.

अट एकच. मधल्या काळात कुणी घड्याळ हलवता कामा नये. आपली वेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची, बारा महिने तीच. ब्रिटिश लोक मार्चच्या शेवटच्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे आणतात. म्हणून उन्हाळ्यात फरक साडेचार तासांचा, हिवाळ्यात साडेपाचचा. तुमच्या आई दिवाळीआधी परत येताहेत, तेव्हा काळजी नाही.

आता अंतर. शाळेत असतो तसा पृथ्वीचा गोल मिळवा आणि एक दोरा. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर, ताणून धरा. दोरा आपोआप जिथे बसेल ती सर्वांत जवळची वाट. भिंतीवरच्या सपाट नकाशात तीच रेघ धनुष्यासारखी वाकडी दिसते आणि लोकांना वाटतं विमान वळसा घेतंय. दोष नकाशाचा आहे. न्यूयॉर्कला दोरा लावलात तर गंमत आणखी कळेल: मुंबई १९ अंश उत्तरेला, न्यूयॉर्क ४१ अंशांच्या जवळ, पण दोरा मध्येच ६५ अंशांपर्यंत, म्हणजे नॉर्वे-आइसलंडच्या रांगेत चढून मग खाली उतरतो.

पृथ्वीची त्रिज्या ६,३७१ किमी धरून मुंबई-लंडन विमानतळांचं अंतर मी आत्ता काढलं, ७,२१३ किमी आलं. तुमचं ७,२०० हे त्यातलं. साडेसात हजाराचं उत्तर माझ्या दोऱ्यात नाही, ते दुसरं कुणी देईल.

गलबत
बाईंचा दोरा आम्ही जहाजावर रोज ताणायचो. सव्वीस वर्षं व्यापारी जहाजांवर काढली, आता जयगडच्या खाडीवर बसून दुसऱ्यांच्या होड्या बघतो. होकायंत्राचा काटा एकाच अंशावर धरून चाललात तर सुकाणूवाल्याला सोपं, पण वाट लांब पडते. जवळच्या वाटेला दिशा सतत थोडी थोडी बदलत न्यावी लागते. मुंबईहून लंडनची वाट धरताना नाक वायव्येला असतं आणि पोचताना जवळजवळ थेट पश्चिमेला. कुठेही सुकाणू जोरात फिरवलेलं नसतं.

आणि किलोमीटर कशाला? अक्षांशाचं एक मिनिट (अंशाचा साठावा भाग) म्हणजे एक सागरी मैल, १,८५२ मीटर. मुंबई-लंडन कोनात मोजलं तर पासष्ट अंशांना जरा कमी. गुणिले साठ. ३,८९० सागरी मैलांच्या आसपास. विमानवाले आजही हेच माप आणि हेच नॉट (ताशी एक सागरी मैल) वापरतात, आमच्याकडून उचललेलं आहे. जहाजाने सुएझमधून गेलात तर तेच मुंबई-लंडन सहा हजार दोनशेच्या पुढे, आणि आफ्रिकेला वळसा घातलात तर दहा हजारांच्या वर.

आभाळखुणा
साडेसात हजाराचं उत्तर माझ्याकडे.

(ओळख: रत्नागिरीत घराच्या गच्चीवर छोटा अँटेना लावलाय. वरून जाणारी विमानं स्वतःची जागा, उंची, वेग सतत प्रसारित करत असतात, ते पकडून संगणकावर बघत बसतो. बायकोच्या मते हे व्यसन आहे.)

बाईंचा दोरा मुंबईहून निघाला की कशाकशावरून जातो ते बघा. अरबी समुद्र, मग पाकिस्तानातलं बलुचिस्तान, इराण, कास्पियन समुद्राचं दक्षिण टोक, जॉर्जियाच्या आसपास, काळा समुद्र, क्रिमिया, ओडेसा, पश्चिम युक्रेन, पोलंड, जर्मनी. आता यात काय काय बंद आहे? युक्रेनचं आकाश २४ फेब्रुवारी २०२२ पासून नागरी विमानांना बंद. पाकिस्तानचं आकाश २०२५ च्या एप्रिलपासून भारतीय कंपन्यांच्या विमानांना बंद, आणि आपलं त्यांच्या विमानांना. २०१९ मध्येही फेब्रुवारीच्या शेवटापासून जुलैच्या मध्यापर्यंत हाच प्रकार झाला होता. दिल्लीहून युरोपला जाणाऱ्यांना याचा फटका जास्त. मुंबईला समुद्र जवळ, त्यामुळे पाण्यावरून पश्चिमेला सरकून वाट काढता येते. तरी दोऱ्याहून तीन-चारशे किलोमीटर जास्त पडतातच.

थोडक्यात, ७,२१३ किमीच्या त्या रेघेवरून आज भारतीय कंपनीचं विमान जाऊच शकत नाही. अंतर भूगोलाचं, वाट परराष्ट्र खात्याची.

आता पाऊण तास. उत्तर वारा. दहा-बारा किलोमीटर उंचीवर, आपल्या अक्षांशांच्या उत्तरेला, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारे जोरदार पट्टे असतात. हिवाळ्यात उत्तर भारतावरच्या पट्ट्यात वारा ताशी दोनशे किलोमीटरच्या पुढे जातो. विमानाचा ९०० चा वेग हवेतला असतो, जमिनीवरचा नव्हे. समोरून ४० चा वारा असेल तर जमिनीवरचा वेग ८६०, पाठीमागून असेल तर ९४०. वाट ७,६०० किमी धरा:

जाताना ७,६०० भागिले ८६०, म्हणजे ८ तास ५० मिनिटं.
येताना ७,६०० भागिले ९४०, म्हणजे ८ तास ५ मिनिटं.

फरक पाऊण तास! (वाऱ्याचा आकडा तुमच्या तिकिटाला जुळेल असा घेतलाय हे कबूल. खरा वारा जागोजागी वेगळा असतो, कुठे शंभर, कुठे शून्य, कुठे आडवा. ४० ही वाटभराची सरासरी समजा.)

चाकरमानी
मला एक कळत नाही. पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते ना? मग विमान वर असताना लंडन स्वतःच आपल्याकडे सरकत यायला हवं. जाताना लवकर आणि येताना उशीर, असं पाहिजे. इथे उलटं कसं?

आभाळखुणा
पृथ्वी फिरते तशी तिच्या अंगावरची हवाही बरोबर फिरते. कोकणकन्येत बसलात, गाडी करबुड्याच्या बोगद्यात शिरली, साडेसहा किलोमीटरचा बोगदा, तुम्ही डब्यात उभ्याउभ्या उडी मारली. डबा पुढे गेला आणि तुम्ही शेवटच्या डब्याच्या भिंतीवर आपटलात, असं होतं का? जागच्या जागी पडता. आपल्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,६०० किमीने फिरतेय. तुमचं खरं असतं तर कुवेतला जायला विमानाची गरजच नव्हती, हेलिकॉप्टर वर नेऊन दोन तास उभं केलं असतं की काम झालं.

चाकरमानी
मुलीला विचारलं. ती म्हणाली हे सातवीत असतं. बरं.

गलबत
वाऱ्याबद्दल एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. सगळ्यांना वाटतं जाताना जेवढं गमावलं तेवढं येताना मिळालं, फिट्टंफाट. तसं होत नाही.

खाडीत होडी घाला. वल्ह्याने ताशी सहा किलोमीटर जाते असं समजू. बारा किलोमीटर आत जायचं आणि परत यायचं. पाणी थिजलेलं असेल तर दोन आणि दोन, चार तास. आता समजा, पाणी बाहेर ओढतंय, ताशी दोन किलोमीटर. आत जाताना वेग चार, म्हणजे तीन तास. येताना आठ, म्हणजे दीड तास. बेरीज साडेचार. अर्धा तास पाण्याने खाल्ला. कारण साधं आहे, वाईट वेगाने तुम्ही जास्त वेळ असता आणि चांगल्या वेगाने कमी.

म्हणून शहाणा तांडेल भरतीबरोबर आत जातो, ओहोटीबरोबर बाहेर येतो आणि दोन्हीकडून पाण्याची पाठ घेतो. मधले तास काठावर विडी ओढतो. विमानवाल्याचं दुर्दैव असं की त्याच्या वरच्या वाऱ्याला भरती-ओहोटी नाही.

आभाळखुणा
वा, काका. विमानवाले तांडेलगिरी करतात, फक्त वेळ न बदलता वाट बदलून. ऑक्टोबर २०१६ मध्ये एअर इंडियाने दिल्ली-सॅन फ्रान्सिस्को विमान अटलांटिकवरून न्यायचं सोडून पॅसिफिकवरून नेलं. आधीची वाट सुमारे १३,९०० किमीची, नवी १५,३०० ची. चौदाशे किलोमीटर जास्त. तरी साडेचौदा तासांत पोचलं, आधीपेक्षा जवळजवळ दोन तास कमी, कारण पूर्वेकडे जाताना वारा पाठीशी आला.

म्हणून "अंतर किती" या प्रश्नाचं उत्तर घेऊन वेळ काढायला बसलात की फसता.

कुवेतरिटर्न
एकोणीस वर्षं कुवेत-मुंबई केलं, वर्षातून दोनदा. अंतर पावणेतीन हजार किमी. जाताना चार तासांच्या आसपास, येताना साडेतीन-पावणेचार. हिवाळ्यात येताना विमान उडत नाही, वाहत येतं. पण जुलै-ऑगस्टमध्ये हा फरक फारसा जाणवायचा नाही. हे माझ्या मनाचे खेळ की यालाही कारण आहे?

आणि एक सांगतो, वेळ म्हणजे काय ते मला एका रमजानमध्ये कळलं. सेहरी रत्नागिरीत केलेली, दुपारी मुंबई, संध्याकाळी पाचला विमान सुटलं. नियम असा की तुम्ही जिथे आहात तिथला सूर्य मावळला पाहिजे, खाली जमिनीवर काय वाजलं ते चालत नाही. पावणेसातच्या सुमाराला मुंबईत घरच्यांनी रोजा सोडला असणार. माझ्या खिडकीत सूर्य जसाच्या तसा. हातात तीन खजूर. शेजारचा दापोलीचा पोरगा दर पाच मिनिटांनी माझ्या अंगावरून वाकून बघायचा, "चाचा, गेला?" नाही गेला. आपण त्याच्या मागे धावतोय, तो कसा जाणार? त्या दिवशी रोजा दीड तास लांबला. येताना उलट, सूर्य समोरून धावत येतो आणि भप्पकन संपतो.

आभाळखुणा
मनाचे खेळ नाहीत. पावसाळ्यात तो पश्चिमी वाऱ्याचा पट्टा हिमालयाच्या पलीकडे, उत्तरेला सरकतो. त्या काळात दक्षिण भारतावर वर उलटाच वारा असतो, पूर्वेकडून पश्चिमेकडे, मुख्य जोर चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर. आपल्या हवामान खात्याचे पी. कोटेश्वरम् यांनी १९५८ मध्ये तो मांडून दाखवला. कुवेतची वाट त्या पट्ट्याच्या उत्तर कडेला पडते, म्हणजे पश्चिमी वारा गेलेला आणि पूर्वेचा नीट पोचलेला नाही. तुमचं जाणं-येणं सारखं होतं ते त्यामुळे.

सूर्याचं गणित: विमान ताशी ९०० ने पश्चिमेला जातंय आणि कुवेत-मुंबईच्या अक्षांशांवर जमीन दीड हजारांनी फिरतेय, म्हणून सूर्य जिंकतो, पण सावकाश. जसं उत्तरेला जावं तशी जमिनीची गती कमी होते. लंडनच्या अक्षांशावर ताशी १,०४० किमीच. तिथे विमान सूर्याला जवळजवळ गाठतं. गडगा, तुमच्या आईंचा पूर्ण प्रवास उन्हात होणार आहे हे त्यांना आधी सांगून ठेवा.

गडगा
सगळ्यांचे आभार. वाचून दाखवतोय. होडीचं उदाहरण आईला एका फटक्यात कळलं, तिचं माहेर खाडीकाठचं. बाईंच्या बेरजेने काका खूश, "म्हणजे मी अर्धा बरोबर" असं दोनदा म्हणाले.

पण एक राहिलं. आभाळखुणांच्या हिशेबात ८.५० आणि ८.०५. तिकिटावर ९.४५ आणि ९.००. दोन्हीकडे ५५ मिनिटं शिल्लक आहेत. ती कसली?

आभाळखुणा
तिकिटावरची वेळ हवेतली नसतेच. विमान दारापासून मागे ढकललं जातं तिथपासून ते पलीकडे दाराला लागेपर्यंतची ती वेळ. मुंबईत मुख्य धावपट्टी एकच वापरात असते आणि तिच्यासाठी रांग, वीस-पंचवीस मिनिटं सहज जातात. चढताना-उतरताना विमान ९०० ने जात नाही. आणि लंडनला उतरण्याआधी घिरट्या. हीथ्रोभोवती चार ठरलेल्या जागा आहेत, बॉव्हिंग्डन, लॅम्बर्न, ऑकम, बिगिन हिल. तिथे विमानं एकावर एक थर लावून गोल फिरत ठेवतात आणि तळातलं एक एक सोडतात. शिवाय कंपन्या थोडी मोकळी वेळ धरूनच ठेवतात, म्हणजे अर्धा तास उशिरा सुटलं तरी "वेळेवर पोचलो" म्हणता येतं.

चाकरमानी
घिरट्यांचा अनुभव आहे. कंपनीच्या कामाला गेलो होतो, डिसेंबरची सकाळ. खाली ढग, वर आम्ही, एक पंख वर एक पंख खाली, चार फेऱ्या. शेजारच्या आजीबाईंनी माझा हात धरून ठेवला होता, मला वाटलं त्या घाबरल्यात. नंतर म्हणाल्या, "तू घाबरला होतास म्हणून धरला."

कोकमआगळ
सामानाबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून. दुधाचे पदार्थ आणि मांस भारतातून ब्रिटनमध्ये नेता येत नाही, म्हणजे घरचं तूप घरीच. आईंना हे आजच सांगा, विमानतळावर सांगू नका. आगळ मोठ्या सामानात, दोन पिशव्यांत बांधून. हातातल्या पिशवीत १०० मिलीच्या वर पातळ काही नको. अळीव, डिंक, बाळंतशेपा यांचं तिथल्या सरकारी संकेतस्थळावर बघून घ्या. आणि नऊ तास बसून पाय सुजतात, दर तासाला चालायला लावा, पाणी प्यायला लावा. बायका शौचालयाला जायला लागू नये म्हणून पाणी पीत नाहीत, हे ठरलेलं.

फणसगरे
अवांतर. ८ जून १९४८ ला एअर इंडिया इंटरनॅशनलचं पहिलं विमान मुंबईहून लंडनला निघालं, नाव 'मलबार प्रिन्सेस'. मध्ये कैरो आणि जिनीव्हा असे दोन थांबे, आणि लंडनला पोचलं १० जूनला. पंखे असलेलं विमान, वेग आजच्या निम्म्याच्या थोडा वर. माझे वडील तेव्हा सांताक्रूझला हमालीला होते. त्यांना त्या विमानाबद्दल एकच आठवायचं, त्याच्या शेपटीला तीन पाती होती.

गडगा
आई पोचली. हकीकत सविस्तर लिहितो, कारण इथे सगळ्यांनी तिच्यासाठी इतकं केलंत.

पावसहून रात्री आठला निघालो. रत्नागिरीहून रेल्वे, पहाटे मुंबई. सकाळी साडेनऊला विमानतळाच्या दारात तिला सोडली. तिने बाबांचं एचएमटीचं घड्याळ हाताला बांधलं होतं आणि निघताना मला बजावलं होतं, "मी हे फिरवणार नाही. बघू तरी खरे किती तास लागतात." काट्यावर वेळ, कागदावर नोंद. खालचे आकडे तिच्याच वहीतले आहेत.

१.४० हललं (२५ मिनिटं उशीर)
२.०५ जमीन सुटली
१०.४६ जमीन लागली
१०.५७ थांबलं

म्हणजे हवेत ८ तास ४१ मिनिटं, दार ते दार ९ तास १७. पंचवीस मिनिटं उशिरा सुटूनही लंडनच्या घड्याळात ६.२७, तीन मिनिटं आधीच! त्या मोकळ्या वेळेचं जे लिहिलंत ते शंभर टक्के खरं. समोरच्या पडद्यावर तिने पूर्ण वेळ नकाशाच लावून ठेवला. शेजारच्या बाईंनी तिला सिनेमा लावून द्यायचा प्रयत्न केला, तर म्हणाली, "नको, हे चाललंय ते बरं आहे."

आता खरी गोष्ट. आई तिन्हीसांजेला दिवा लावून शुभंकरोति म्हटल्याशिवाय राहत नाही. लग्नाला पन्नास वर्षं झाली, माझ्या आठवणीत एक दिवस चुकलेला नाही. विमानात दिवा नाही ते तिला माहीत होतं, नुसतं म्हणायचं ठरवलं होतं. सात वाजले. खिडकीत ऊन. आठ, ऊन. नऊला जेवण आलं, तेही उन्हात. तिन्हीसांज व्हायच्या आत कसं जेवायचं म्हणून ताट बाजूला ठेवलं. हवाईसुंदरी दोनदा विचारून गेली. शेवटी तिला तुमच्या चाचांच्या खजुरांची गोष्ट आठवली (मी वाचून दाखवली होती), हसू आलं आणि जेवली. सूर्य मावळला तेव्हा ती विमानतळाबाहेर गाड्यांच्या तळावर, बहिणीच्या गाडीत मागच्या सीटवर होती. हातातल्या घड्याळात रात्रीचे पावणेबारा. तिथेच हात जोडून म्हटलं. जावई इंजिन बंद करून थांबला.

पावसच्या दारापासून बहिणीच्या दारापर्यंत पावणेएकोणतीस तास.

कुवेतरिटर्न
गडगाभाऊ, आईंना माझा सलाम सांगा. डोळ्यांत पाणी आलं राव.

कोकमआगळ
तूप?

गडगा
एक बरणी निघालीच पिशवीत. तिथे काढून घेतली. विषय घरात काढायचा नाही असं ठरलंय.

गडगा
महिन्याने धागा वर काढतोय. मुलगी झाली! आई आता दिवाळीला येत नाही, बहिणीने थांबवून घेतलंय. नवं तिकीट नोव्हेंबरअखेरचं: लंडनहून रात्री ८.३०, मुंबई दुसऱ्या दिवशी सकाळी १०.५०. काकांनी लगेच बाईंच्या पद्धतीने बेरीज केली: ५.१५ अधिक १४.२० म्हणजे १९.३५, निम्मे पावणेदहाच्या वर. मागच्या वेळी तर ९.२२ होते. काका म्हणतात, बाईंची पद्धत फसली.

भूमितीच्या बाई
अभिनंदन! पद्धत फसली नाही, अट मोडली. दोन्ही तिकिटांच्या मध्ये ऑक्टोबरचा शेवटचा रविवार आला. जाताना फरक साडेचार तासांचा होता, येताना साडेपाचचा. बेरजेतून तो एक तास काढा: १८.३५, निम्मे ९ तास साडेसतरा मिनिटं. आणि नुसतं येण्याचं हवं असेल तर १४.२० वजा ५.३०, म्हणजे ८ तास ५० मिनिटं.

आभाळखुणा
आधीच्या परतीच्या तिकिटापेक्षा दहा मिनिटं कमी. थंडीत तो पश्चिमी वारा दक्षिणेला सरकतो आणि जोरही धरतो. पाठीशी असणार.

गडगा
काकांना सांगितलं. थोडा वेळ गप्प बसले, मग म्हणाले, "म्हणजे येताना उतार आहे. मी उलटं धरलं होतं."